घंटा वाजवणाऱ्याला शिक्षा का?

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ पिसवांचा त्रास वाढला. महाराष्ट्रात ‘उंदीर पडणे’ या शब्दांना एक जुना, धडकी भरवणारा अर्थ आहे. १८९६ पासूनच्या प्लेगच्या साथींत उंदीर पडल्याचे कळले की लोक घरांना कुलपे लावून शिवारात झोपड्या बांधून राहत. संगणक, उपग्रह, प्रयोगशाळा यांतले काहीही हाताशी नसताना ती रोगाची पूर्वसूचना होती, आणि ती मिळाल्यावर काय करायचे हे गावातल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक होते.

१९९४ साली मात्र देशात माणसातल्या प्लेगची शेवटची नोंद होऊन २८ वर्षे लोटली होती. ऑगस्टअखेरीस त्या भागात ताप आणि जांघेत गाठी असलेले रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. या दोन ठिकाणच्या साथींचा एकमेकींशी संबंध होता की नाही, यावर तज्ज्ञांत वाद राहिला. देशभरात मिळून मृत्यूंचा आकडा पन्नासच्या थोडा वर गेला. पण अनेक देशांनी भारताकडची विमाने थांबवली, भारतीय माल अडवला, प्रवाशांना वेगळे काढून तपासले. अशी बंदी घालण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केलेली नव्हती. तरीही भारताचे नुकसान दीड-दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले, असे अंदाज पुढे आले.

या प्रकरणातून जगाने दोन धडे घेतले. पहिला उघडपणे घेतला: रोगांवर नजर ठेवणारी, वेळेवर इशारा देणारी यंत्रणा हवी. दुसरा मनातल्या मनात घेतला: साथ आहे असे जो आधी सांगतो, त्यालाच भुर्दंड पडतो. गेल्या तीस वर्षांत पहिल्या धड्यावर भरपूर बुद्धी आणि पैसा खर्च झाला. संगणकावर चालणाऱ्या पूर्वसूचना यंत्रणा उभ्या राहिल्या, आता त्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता आली. दुसरा धडा मात्र जिथल्या तिथे आहे. तो बदलत नाही तोवर पहिल्यावरचा खर्च बराचसा वाया जाणार आहे.

यंत्र नेमके काय करते?

या यंत्रणांचे काम समजायला अवघड नाही. जगभरातली वृत्तपत्रे, संकेतस्थळे, सरकारी पत्रके आणि समाजमाध्यमांवरचा मजकूर संगणक दिवसरात्र वाचत राहतो. त्यात ‘ताप’, ‘न्यूमोनिया’, ‘कोंबड्या मेल्या’ असे शब्द, गावांची नावे आणि आकडे शोधतो. नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले की तज्ज्ञांपुढे ठेवतो. १९९४ मध्ये सुरू झालेले ‘प्रोमेड’ हे मुख्यतः डॉक्टर आणि संशोधकांनी चालवलेले पत्रव्यवहाराचे जाळे. १९९७ मध्ये कॅनडाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ‘जीफिन’ ही यंत्रणा सुरू केली. पुढे अमेरिकेतल्या बोस्टनच्या बालरुग्णालयातून ‘हेल्थमॅप’ आला. टोरांटोच्या ‘ब्लूडॉट’ने विमान तिकिटांच्या माहितीची जोड देऊन रोग पुढे कोणत्या शहरात जाईल याचा अंदाज बांधायला सुरुवात केली.

२०१९च्या डिसेंबरअखेरीस या यंत्रणांनी आपले काम केले. वुहानमधल्या कारण न कळलेल्या न्यूमोनियाची सूचना हेल्थमॅप आणि प्रोमेडने ३० डिसेंबरला आणि ब्लूडॉटने ३१ डिसेंबरला दिली. जागतिक आणीबाणी जाहीर झाली ३० जानेवारी २०२० रोजी. यंत्राने महिनाभर आधी सांगितले होते, असा याचा अर्थ लावला जातो, आणि तो खोटा नाही.

पण यंत्राने जे वाचले ते आधी कोणी तरी लिहिले होते. वुहानच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टर झांग जिशियान यांनी न्यूमोनियाचे काही रुग्ण वेगळे असल्याचे ओळखून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वरिष्ठांना कळवले होते. ३० डिसेंबरला डॉक्टर आय फेन यांच्याकडून एका रुग्णाचा प्रयोगशाळा अहवाल सहकाऱ्यांमध्ये फिरला. तो पाहून नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी आपल्या डॉक्टर मित्रांच्या गटात सावध राहण्याचा निरोप टाकला. ३ जानेवारीला पोलिसांनी ली यांना बोलावून अफवा पसरवल्याबद्दल समज दिली आणि तसे लिहून त्यावर सही घेतली. पुढे त्यांना स्वतःलाच संसर्ग झाला आणि ७ फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला.

म्हणजे जगातल्या सर्वांत हुशार संगणकाचे कान शेवटी एका वॉर्डातल्या डॉक्टरच्या तोंडाशी लागलेले होते. ते तोंड बंद केले की कान कितीही तीक्ष्ण असले तरी उपयोग नाही.

खोटा गजर आणि त्याचे गणित

या यंत्रणांवरचा सर्वांत मोठा आक्षेप ‘लांडगा आला रे आला’ हा असतो. तो समजून घ्यायला एक साधे गणित पुरेसे आहे. समजा, यंत्राने महिन्याभरात १०,००० संशयास्पद बातम्या तपासल्या आणि त्यांतल्या फक्त १० बातम्यांमागे खरोखरची साथ आहे. यंत्र दोन्ही बाजूंनी १०० पैकी ९५ वेळा बरोबर असते असेही धरू. ते १० पैकी नऊ किंवा दहा खऱ्या साथी पकडेल. पण उरलेल्या ९,९९० बातम्यांपैकी सुमारे ५०० ठिकाणी उगाच गजर करेल. म्हणजे दर ५० गजरांमागे एकच खरा. दुर्मीळ आजाराची चाचणी सरसकट सगळ्यांची केली की हेच होते, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. अतिदक्षता विभागात दर दोन मिनिटांनी मॉनिटर वाजू लागला की परिचारिकेचे कान त्याला सरावतात आणि खरा आवाज त्या गोंगाटात हरवतो.

‘गूगल फ्लू ट्रेंड्स’चा अनुभव याहून बोलका आहे. लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून फ्लूची साथ ओळखता येईल, असा दावा करत ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची पहिली लाट आली तेव्हा ती तिने कमी लेखली. २०१२-१३च्या हिवाळ्यात उलटे झाले. अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे फ्लूसारख्या आजाराचे जेवढे रुग्ण प्रत्यक्ष येत होते, त्याच्या जवळपास दुप्पट प्रमाण तिने दाखवले. २०१५ मध्ये ती बंद झाली. फ्लू झालेला माणूस आणि फ्लूची बातमी वाचून घाबरलेला माणूस इंटरनेटवर सारखेच शब्द शोधतात. दवाखान्यातला डॉक्टर नाडीला हात लावून हा फरक ओळखतो. यंत्राला नाडी नसते.

यावरून यंत्रे टाकाऊ आहेत असे मुळीच ठरत नाही. प्रत्येक गजर तपासायला माणूस लागतो, आणि खोटा ठरलेला गजर हा त्या माणसाचा गुन्हा धरायचा नसतो, एवढेच ठरते. पन्नास गजरांत एक खरा निघणार असेल, तर उरलेल्या एकोणपन्नास वेळी चौकशीला सामोरे जावे लागणारा माणूस पन्नासाव्या वेळी घंटा वाजवणार नाही.

घंटा वाजवायला परवानगी

नोव्हेंबर २००२ मध्ये दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सार्स या रोगाची सुरुवात झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथल्या फ्लूसारख्या आजाराची बातमी कॅनडाच्या जीफिनने टिपली होती. पण बातमी चिनी भाषेत होती आणि यंत्रणेचे काम तेव्हा मुख्यतः इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चाले. तिचा पूर्ण अर्थ वेळेवर लागला नाही. चीनने अधिकृत माहिती दिली ती ११ फेब्रुवारी २००३ रोजी. त्याच महिन्यात ग्वांगडोंगहून आलेला एक डॉक्टर हाँगकाँगच्या हॉटेलात उतरला आणि तिथून रोग हनोई, सिंगापूर आणि टोरांटोला पोहोचला. जगभरात ८,०९६ जणांना लागण झाली, ७७४ जण दगावले. त्यांतले ४४ कॅनडातले होते.

या अनुभवानंतर जीफिनमध्ये आणखी भाषा आल्या आणि जगात तिचे नाव झाले. गोष्ट इथेच संपली असती तर ती तंत्रज्ञानाच्या विजयाची झाली असती. पण पुढे जे घडले ते सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. इशारा पाठवण्याआधी वरिष्ठांची मंजुरी घ्यावी, असे ठरले. वरिष्ठांना देशांतर्गत विषय अधिक महत्त्वाचे वाटत होते. परदेशातल्या तापांची रोजची यादी कशाला, असा सूर होता. २४ मे २०१९ नंतर जीफिनचे इशारे बंद झाले आणि पुढचे चारशेहून अधिक दिवस बंद राहिले. नेमक्या याच काळात कोविड आला. वुहानची बातमी ३१ डिसेंबरला यंत्रणेच्या अंतर्गत अहवालात होती, पण इशारा गेला नाही. जुलै २०२०मध्ये एका कॅनडियन वृत्तपत्राने हे उघड केले, ऑगस्टमध्ये इशारे पुन्हा सुरू झाले आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले. बैल गेला आणि झोपा केला.

इथे संगणक बिघडला नव्हता, भाषेचीही अडचण नव्हती. घंटा वाजवायला मंजुरी लागत होती आणि ती देण्यात कोणाचाच फायदा नव्हता. इशारा खरा ठरला तर श्रेय वाटले जाते, खोटा ठरला तर दोष सही करणाऱ्याचा. अशा हिशेबात सही न करणे हेच शहाणपण ठरते.

ऐकून स्वस्थ बसण्याची मुभा

दुसरे उदाहरण रोगाचे नाही, भुकेचे आहे. पण भूक आणि साथ या सख्ख्या बहिणी आहेत. इथिओपियातल्या १९८४च्या दुष्काळानंतर अमेरिकेने ‘फ्यूज नेट’ ही दुष्काळाची पूर्वसूचना यंत्रणा उभी केली. पाऊस, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, बाजारातले धान्याचे आणि जनावरांचे भाव, कुपोषित मुलांचे प्रमाण असे सगळे ती एकत्र बघते. ऑगस्ट २०१० मध्ये ला निनाचे चिन्ह दिसताच तिने पूर्व आफ्रिकेबद्दल सावध केले आणि पुढच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा केले. दक्षिण सोमालियातल्या दोन भागांत दुष्काळी उपासमार अधिकृतपणे जाहीर झाली ती २० जुलै २०११ रोजी. त्यानंतर पैशाचा ओघ वाढला. नंतरच्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे या संकटात मेली. त्यांतली जवळपास निम्मी पाच वर्षांखालची मुले होती.

मदत उशिरा पोहोचण्याला इतरही कारणे होती. त्या भागावर अल-शबाबचा ताबा होता आणि ती मदत संस्थांना अडवत होती. मदत त्यांच्या हाती गेली तर अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांखाली खटले होतील या धास्तीने काही संस्था मागे राहिल्या. पण एक कारण साधे आणि अधिक लाजिरवाणे आहे. इशाऱ्यावर पैसा देणे कोणावरही बंधनकारक नव्हते. न दिल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नव्हता. उलट आधी पैसा दिला आणि पाऊस पडला, तर ‘उधळपट्टी’ ठरली असती.

हे बदलता येते, हेही त्याच देशाने दाखवले. २०१६-१७ मध्ये सोमालियात पुन्हा भीषण दुष्काळ पडला. या वेळी मागच्या मृत्यूंची आठवण ताजी होती, नवे सरकार लवकर बोलले आणि २०१७च्या सुरुवातीलाच मोठी मदत आली. हाल झाले, माणसे दगावली, पण २०११सारखी उपासमार जाहीर करण्याची वेळ आली नाही. यंत्रणा जवळपास तीच होती. ऐकणाऱ्यांचे वागणे बदलले होते.

देशांनाही तोच भुर्दंड

व्यक्तीला जी भीती वाटते तीच राष्ट्राला वाटते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांची सुधारित आवृत्ती १५ जून २००७ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय संकट ठरू शकेल अशी घटना ओळखल्यावर देशाने २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे, असे त्यात आहे. सरकारने न कळवताही इतर मार्गाने आलेल्या बातम्यांची दखल घेण्याचा अधिकार संघटनेला मिळाला. आणि इतर देशांनी गरजेपेक्षा जास्त बंधने घालू नयेत, घातल्यास त्यांची कारणे द्यावीत, असेही लिहिले आहे. पण नियम मोडणाऱ्याला शिक्षा नाही.

नोव्हेंबर २०२१मध्ये याची परीक्षा झाली. दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवानातल्या शास्त्रज्ञांनी कोविड विषाणूचा नवा प्रकार ओळखला आणि त्याची जनुकीय माहिती जगासमोर ठेवली. २५ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने जाहीर पत्रकार परिषद घेतली. दुसऱ्या दिवशी त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळाले. नियमाप्रमाणे, किंबहुना नियमापेक्षाही चोख वागल्याचे बक्षीस म्हणून दोन-तीन दिवसांत अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमाने बंद केली. नंतर नेदरलँड्समधल्या १९ नोव्हेंबरच्या एका नमुन्यात तोच विषाणू सापडला. म्हणजे तो युरोपात आधीच पोहोचला होता. पण नाव झाले ते शोधणाऱ्याचे, आणि भुर्दंडही त्यालाच.

पुढच्या वेळी एखाद्या देशाच्या आरोग्यमंत्र्यापुढे असाच अहवाल येईल, तेव्हा पर्यटनमंत्री आणि अर्थमंत्री त्याला सुरत आणि ओमिक्रॉनची आठवण करून देतील. “आठवडाभर थांबू, खात्री करून घेऊ” असे ठरेल. संसर्गजन्य रोगात आठवडाभराची किंमत काय असते हे कोविडने दाखवले आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथीबाबतचा करार संमत केला. रोगजंतूंची माहिती आणि नमुने देणाऱ्या देशांना लस-औषधांत वाटा मिळावा, हे तत्त्व त्यात आले. तो वाटा कसा द्यायचा याचा तपशील मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडला गेला. नेमके तेच कलम सगळ्यांत महत्त्वाचे आहे. सांगणाऱ्याला काही मिळत नसेल, तर निदान त्याचे काही जाऊ तरी नये.

घरचा आरसा

भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे. आता त्याची माहिती संगणकावर, गावपातळीवरून रोजच्या रोज भरली जाते. आरोग्यसेविका लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकारी निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून नोंद करतात. मराठीसह अनेक भाषांतल्या बातम्या वाचणारा कक्षही दिल्लीत आहे आणि त्याच्या मदतीला कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे आणि अनेक साथी तिने वेळेवर पकडल्या आहेत.

पण ही साखळी जिथून सुरू होते तिथे काय वातावरण असते ते पाहावे. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने एकाच वाडीतून जुलाबाचे पंधरा रुग्ण आल्याची नोंद केली की त्याला वरून पहिला प्रश्न ‘काय मदत पाठवू?’ असा क्वचितच येतो. ‘पाण्याचे शुद्धीकरण का झाले नव्हते?’, ‘वर्तमानपत्राला कोणी सांगितले?’, ‘खुलासा पाठवा’ असे प्रश्न आधी येतात. शेजारच्या केंद्राने तीच नोंद चार दिवस पुढे ढकलली, किंवा पंधराचे पाच केले, तर त्याला कोणी विचारत नाही. महिनाअखेरीच्या आढावा बैठकीत ज्याच्या तक्त्यात शून्य, त्याची पाठ थोपटली जाते. अशा तक्त्यांवर कितीही कुशल संगणक बसवला तरी त्याला शून्यच दिसणार.

खाजगी दवाखान्यांची स्थिती याहून बिकट आहे. आपल्याकडे तापाचा रुग्ण बहुतेक वेळा आधी तिथे जातो, आणि तिथून नोंद येण्याचे प्रमाण तुटपुंजे आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतले बळ अचानक जाणाऱ्या गीयाँ-बारे आजाराचे रुग्ण वाढले. एरवी अधूनमधून दिसणारा हा आजार एकाच भागातून इतका कसा येतोय, हे आधी रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली, काहींच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. नेहमीपेक्षा वेगळे काही दिसल्यावर फोन उचलणारा डॉक्टर हीच अजूनही जगातली सर्वांत जलद पूर्वसूचना यंत्रणा आहे.

दुसरी फट खात्यांमधली आहे. कोकणात आणि गोव्याच्या सत्तरीत माकडताप आला, तेव्हा जंगलात मेलेले माकड हीच धोक्याची पहिली खूण असते हे गावकऱ्यांना कळले. पण मेलेले माकड वन खात्याचे, त्याची तपासणी पशुसंवर्धनची आणि माणसाचा ताप आरोग्य खात्याचा. श्रीमंत देशांतही हीच गत आहे. १९९९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे मरत होते आणि त्याच वेळी माणसांना मेंदूज्वर होत होता. दोन्हींचे कारण एकच, वेस्ट नाइल विषाणू, हे कळायला काही आठवडे गेले. कारण पक्षी बघणारे आणि माणसे बघणारे वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसत होते. दोन खात्यांच्या नोंदी शेजारी ठेवणे हे काम संगणक माणसापेक्षा चांगले करतो. तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

साथीची पैसेवारी

मग करायचे काय? त्याचे एक उत्तर महाराष्ट्राला फार जुन्या काळापासून माहीत आहे. पिकाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की दुष्काळी स्थिती मानली जाते आणि जमीन महसुलात सूट, परीक्षा शुल्कात माफी, कर्जवसुलीला स्थगिती अशा सवलती लागू होतात. पैसेवारी कशी काढली यावर दरवर्षी भांडणे होतात, आकडे फिरवल्याचे आरोप होतात, आणि आता उपग्रहावर आधारलेले नवे निकषही आले आहेत. तरी त्यामागची कल्पना पक्की आहे: अमुक आकडा आला की तमुक कृती व्हायलाच हवी. आकडा सांगणाऱ्या तलाठ्याच्या धैर्यावर किंवा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळे सोडलेले नाही.

साथीलाही अशी पैसेवारी हवी. एका वाडीतून आठवड्यात इतके कावीळ रुग्ण आले, की ४८ तासांत पथक आणि पाण्याची तपासणी. त्यासाठी कोणाची वेगळी मंजुरी लागणार नाही. पथक गेले नाही तर न गेल्याचा खुलासा जिल्ह्याने द्यायचा, नोंद करणाऱ्याने नाही. एवढा एक बदल केला तरी खुलाशाचे ओझे सांगणाऱ्याच्या खांद्यावरून न ऐकणाऱ्याच्या खांद्यावर जाईल. जगाच्या पातळीवर हेच म्हणायचे तर, इशाऱ्याची ठरावीक पातळी ओलांडली की राखीव निधीतून पैसा आपोआप सुटावा, आणि जो देश आधी सांगेल त्याचे विमानबंदीने झालेले नुकसान बंदी घालणाऱ्यांनी भरून द्यावे. आज हे स्वप्नरंजन वाटेल. पण त्याशिवाय कोणताही अर्थमंत्री आपल्या आरोग्यमंत्र्याला खरे बोलू देणार नाही.

दुसरी गोष्ट, इशारा देणाऱ्या यंत्रणेला इशारा देण्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. हवामान खाते वादळाचा इशारा देताना बंदर बंद राहिल्याने किती तोटा होईल हे विचारत नाही. रोगाचा इशाराही तसाच स्वतंत्र हवा.

तिसरी गोष्ट पैशाची. प्रोमेड २०२३ मध्ये पैशाअभावी अडचणीत आले आणि त्याच्या संपादकांनी काम थांबवून निषेध केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा चाळीस वर्षांचे फ्यूज नेट एका फटक्यात बंद पडले. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले. एकाच देशाच्या किंवा एकाच देणगीदाराच्या लहरीवर साऱ्या जगाची घंटा टांगून ठेवणे धोक्याचे आहे. भारतासारख्या देशाने यात स्वतःचा वाटा उचलावा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारखी ताकद आपल्याकडे आहे.

इशारे उघड केले तर घबराट पसरेल, ही सबब दरवेळी पुढे येते. सुरतेत घबराट होती हे खरे. पण लोक पळाले ते माहिती जास्त मिळाली म्हणून नव्हे. काय चालले आहे हे कोणी विश्वासाने सांगत नव्हते म्हणून. ज्या गावाला उंदीर पडल्यावर काय करायचे हे ठाऊक होते, ते गाव शिस्तीने शिवारात राहायला जाई. माणसे घाबरतात ती अंधाराला.

येत्या काळात यंत्रे आणखी हुशार होतील. सांडपाण्यातले विषाणू, गुरांच्या बाजारातले भाव, औषध दुकानांतली विक्री हे सगळे ती एका नजरेत वाचतील. त्यांचे स्वागतच करावे. पण पुढच्या साथीची पहिली बातमी बहुधा एखाद्या आशा सेविकेच्या वहीत असेल, किंवा रात्रपाळीच्या एखाद्या तरुण डॉक्टरच्या मनात नुसती शंका म्हणून असेल. ती नोंदवली तर सकाळी आपले काय होईल, याचा विचार करून तो डॉक्टर पेन उचलेल किंवा खाली ठेवेल. जगाला इशारा मिळणार की नाही, हे त्या क्षणी ठरते. आणि तो क्षण कसा असावा हे ठरवणे कोणत्याही संगणकाच्या नव्हे, आरोग्य खात्याच्या हातात आहे.